सहाव्या तुकड्याची हिरवाई

मक्याच्या संशोधन केंद्रावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे दोरीमामा म्हणत. नांगरट अशी सरळ, की दोरी लावूनच गेलेत वाटावं. शेतातल्या पाट्या त्यांनी कधी वाचल्या नाहीत. "पाट्या पाहुण्यांसाठी असतात," म्हणायचे. तीस वर्षं हा तोरा चालून गेला, कारण हातात कसबच तसं होतं.

शेतात नऊ वर्षं एकच प्रयोग चालू होता. आठ तुकडे, चार दरवर्षी नांगरायचे, चारांना नांगर लावायचाच नाही, मक्याची ताटं तिथेच कुजू द्यायची. न नांगरलेल्या जमिनीत मक्याला युरिया कमी पुरतो का, हे केंद्रातल्या संशोधक डॉक्टरबाईंना शोधायचं होतं. ऐन उमेदीची वर्षं बाईंनी त्यात घातली होती.

त्या वर्षी नेहमीच्या फाटकाशी चिखल होता, म्हणून मामा मागच्या फाटकाने शिरले आणि सवयीने तुकडे मोजले ते उलट्या टोकाकडून. एक अख्खा तुकडा नांगरून वळतात तो पाटी दिसली: 'सहा. नांगर लावू नये.' आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी बांधावरची ताटं ओढून मातीवर पसरली, नांगरायचे ते चार तुकडे नांगरले आणि तोंडाला कुलूप लावलं.

आणि नेमका त्याच तुकड्यातला मका असा तरारला, की बघत राहावं!

"बघा मामा," बाई हरखून म्हणाल्या, "जमिनीने शेवटी हात सैल सोडला. आता शेतकऱ्यांना सांगते, नांगरू नका आणि युरिया निम्मा करा."

नांगर फिरला की मातीत साठलेलं नत्र, युरियातलं तेच अन्न, एकदम मोकळं होतं, त्या वर्षी पीक माजतं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. ती हिरवाई जमिनीच्या पुण्याईची नव्हती, त्यांच्या चुकीची होती.

दुपारी मामा घरी जेवायला बसले. मामींना सगळं सांगितलं.

"गप्प राहिलात तर कुणाला कळणारे?"

"कुणाला नाही. पण लोक निम्मा युरिया टाकतील आणि पिवळा मका बघत बसतील."

मामींनी त्यांच्यापुढचं ताट उचललं. "झाकून ठेवते. आधी जाऊन या."

प्रयोगशाळेत बाई वाळलेल्या पानांचं वजन करत होत्या. "सहावा तुकडा मी नांगरलाय, बाई. वर ताटंही मीच पसरली."

बाईंनी हातातली पानं खाली ठेवली. "दोन महिने लपवून ठेवलंत, मामा?"

"हो."

बाईंनी सहाव्याच्या आकड्यांवर काट मारली. उरलेल्या तीन तुकड्यांवरून निघालेली युरियाची बचत लहान होती. पण खरी होती.

पुढे केंद्राच्या साहेबांकडून बाईंना चालक बदलण्याचं पत्र आलं. ते घेऊन बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"बदलते की! शेत सगळ्यांत सुंदर दिसत असताना 'हे मी बिघडवलंय' म्हणणारा दुसरा चालक तेवढा मिळवून द्या."