साडूंचं जड विमान

आमच्या मोठ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही हलकी वस्तू केलेली नाही, आणि तरीही त्यांचा सगळा जन्म विमानं उडवण्यात गेला. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला सागवानी पाळणा आणला. तो पेलेल अशी कडी आमच्या घरात नव्हती, म्हणून मुलगी खाटेवरच वाढली आणि पाळण्यात आम्ही ज्वारी साठवली. त्यांच्या घरचा पोळपाटही त्यांनीच केलेला. आमच्या अक्का, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण आणि साडूंच्या सौभाग्यवती, तो पोळपाट कधी हलवत नाहीत, त्याच्याजवळ स्वतःच सरकून बसतात. याबद्दल कोणी काही म्हटलं तर साडू शांतपणे सांगतात, "वजन असलं म्हंजे वस्तू जागेवर राह्यते, साडभाऊ. हलक्या वस्तूचा काई भरोसा नाई." आणि एवढं सांगून हा माणूस काखेत विमान मारून घराबाहेर पडतो.

आदिलाबादेत त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. कापसाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. दुरुस्त केलेला पंप पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून परत द्यायचा, हा त्यांचा रिवाज. रिकामी टाकी परत करणं त्यांना पाहुण्याला उपाशी लावून देण्यासारखं वाटतं. विमानांचा नाद मात्र कॉलेजातल्या छात्रसेनेच्या हवाई पथकात लागला. ही काखेत मावणारी, पण खऱ्या इंजिनाची विमानं मोकळी उडत नाहीत. दोन बारीक पोलादी तारा विमानाला बांधलेल्या असतात आणि त्यांची दुसरी टोकं माणसाच्या हातातल्या मुठीला. माणूस मैदानाच्या मधोमध स्वतःभोवती फिरतो आणि विमान त्याच्याभोवती. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली. इंजिन बंद करायची सोय नसते, तेल संपेपर्यंत माणसानं भोवऱ्यासारखं फिरत राहायचं. इतक्या वर्षांत साडूंना एकदाही चक्कर आली नाही. माझ्या बायकोचं म्हणणं असं की ज्याचं डोकं मुळातच फिरलेलं आहे, त्याला ती कुठून येणार?

त्यांच्या घरामागेच कापूस खरेदीचं आवार आहे. उन्हाळ्यात ते रिकामं पडतं आणि तारेच्या कुंपणाला तेवढा कापूस लटकून राहतो. साडू तिथे विमान उडवायचे आणि अक्का अंगणात बसून ऐकायच्या. त्यांना इंजिनातला एक पुर्जा ओळखू यायचा नाही, पण आवाज सगळा कळायचा. तेल संपत आलं की बंद पडण्याआधी क्षणभर इंजिनाचा आवाज चढतो. तो चढला की अक्का हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "सरलं यायचं," म्हणजे ह्यांचं तेल संपलं. आणि खरंच, पुढच्या फेरीत आवाज थांबायचा. साडूंना या गोष्टीचा केवढा अभिमान! दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला, त्याला पंपाची घाई असली तरी, ते हे सांगितल्याशिवाय सोडत नसत.

मग अक्कांचे कान जाऊ लागले. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, कुकरची शिटी गेली. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, पण "डोक्यात आठवडी बाजार भरल्यावानी वाटते बाप्पा," म्हणून त्यांनी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. एका सुट्टीला मी त्यांच्याकडे होतो. साडू विमान उडवून, घामाघूम होऊन आले, तर अक्का अंगणातून म्हणाल्या, "आज गेले नाई काऊन तुमी?" साडू न्हाणीघरात जाऊन किती तरी वेळ हात धूत राहिले. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर त्यांनी चार स्ट्रोकच्या इंजिनाचं खूळ घेतलं. विमानातलं जुनं दोन स्ट्रोकचं इंजिन बारीक आवाजात किंचाळतं. चार स्ट्रोकचं जाड आवाजात, सावकाश बोलतं. साडूंनी मला ते दुकानात बसवून समजावलं. "तिले ट्रॅक्टर आयकू येते, साडभाऊ. चिमणी नाई येत. मंग आपलं इमानच ट्रॅक्टरवानी बोललं पायजे." एका शेतकऱ्यानं टाकून दिलेलं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन त्यांनी मिळवलं. मी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणालो, याला उडवायचं तर क्रेन लागेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं चहा प्यायलो.

नवं, मोठं विमान तयार झालं. पण इंजिन बसवल्यावर ते नाक जमिनीला टेकवूनच उभं राहिलं! मग साडूंनी तोल साधायला पेट्रोलची टाकी शेपटीकडे नेली. टाकी भरलेली असेपर्यंत विमान गुण्यागोविंदानं उडालं, आणि पेट्रोल जसं संपत गेलं तशी शेपटी हलकी होऊन ते नाकावर आपटलं. साडूंनी न कुरकुरता नाक कापून आखूड केलं, इंजिन मागे सरकवलं आणि टाकी त्याच्या लगेच मागे घेतली. फिरताना पेट्रोल बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, म्हणून आतली नळीही त्या बाजूला वळवली. सगळं शहाण्यासारखं केलं. फक्त टाकी त्यांनी भली मोठी घेतली आणि रिवाजाप्रमाणे काठोकाठ भरली. चार स्ट्रोकचं इंजिन पेट्रोल अगदी बेतानं पितं, हे ते विसरले.

अक्कांना आवारात खाटेवर बसवलं, धूळ डोळ्यांत जाईल असं सांगून पाठ फिरवून. मांडीवर सोलायला तुरीच्या शेंगा दिल्या. खरं कारण मला माहीत होतं. त्यांनी विमान पाहू नये, नुसतं ऐकावं, आणि ऐकू येतं की नाही ते आम्हाला कळावं. विमान घरघरत उठलं आणि फिरू लागलं. ते फिरतच राहिलं. साडूंचे पाय अडखळू लागले, तारा त्यांना ओढून नेतात की काय असं वाटायला लागलं, आणि आवाराचा राखणदार कुंपणाजवळून हात खालीवर करत "मेल्लगा सार, मेल्लगा," असं हळू घ्यायला सांगू लागला. सांगणं सोपं होतं, पण हळू घ्यायचं कसं? मी अक्कांकडे पाहत होतो. त्या खाली मान घालून शेंगा सोलत होत्या. माझा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात आवाज जरासा चढला आणि अक्का शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या, "सरलं यायचं."

विमान उतरलं, साडू जमिनीवर आडवे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चक्कर आली होती. मी धावत गेलो. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "बोलली का?" मी म्हणालो, बोलल्या, तुमच्या आधी त्यांना कळलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत आलं तरी ते उठले नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाले, "मंग टाकी बराबर हाय."

या उन्हाळ्यात अक्कांना तो आवाजही येईनासा झाला. मला वाटलं, आता विमान माळ्यावर जाणार. परवा आवारात गेलो तर दोघंही मधोमध उभी. साडूंच्या हातात मूठ, त्यांच्या पाठीशी अक्का, आणि अक्कांचा हात साडूंच्या मनगटावर. इंजिनाची थरथर तारांतून मुठीत येते ना, ती त्यांना कळावी म्हणून. विमान भोवती घरघरत होतं आणि दोघं जपून, एकमेकांच्या पायांचा अंदाज घेत फिरत होती. उतरल्यावर मी अक्कांना हातानं खूण करून विचारलं, काही कळतं का?

"यायचा हात थरथरते," अक्का म्हणाल्या. "इंजिनानं थरथरते का वयानं, ते काई कळत नाई. पन मी सोडत नाई."