शेषेरावच्या छातीवरचा हात

उमरीत माझी पिठाची गिरणी आहे. बायका जोंधळ्याबरोबर आपापली दुखणीही गिरणीत घेऊन येतात, आणि मी अशी आगाऊ की न विचारता औषध सांगते. शेषेरावची गोष्ट या माझ्या आगाऊपणापासूनच सांगावी लागेल. हा आगाऊपणा मला अजून झोपू देत नाही.

शेषेराव माझा शेजारी. चार एकर रान, एक म्हैस, बायको सिंधु. मूलबाळ नाही. आई लवकर गेली म्हणून धाकट्या वैजनाथला यानंच अंगाखांद्यावर वाढवलं. वैजू चोवीस वर्षांचा बाप्या झाला, तरी गाडीवर मागं बसला की भावाच्या छातीला हाताची मिठी घालायचा. "नवरीवानी बसतंय बघा," म्हणून मीही त्याला चिडवलंय. तो लाजायचा, पण हात काढायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात दोघं हिमायतनगरला एका लग्नाला गेले. येताना शेषेराव पिलेला होता आणि गाडी त्यानंच चालवली. गाडी घसरली, वैजू जागेवरच गेला. शेषेरावचा पाय मोडला, तो महिनाभर नांदेडला दवाखान्यात पडला.

परत आला तो बाटलीच धरून बसला. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. सिंधु नांदेडला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना भेटून आली. ते म्हणाले, "गोळी आहे, पण माणसाला तपासल्याशिवाय, त्याला सांगितल्याशिवाय द्यायची नाही. गोळी पोटात असताना दारू घेतली तर अंग लाल होतं, छाती धडधडते, जिवावरही बेततं. आधी त्यांना घेऊन या." शेषेराव कुठला जातो! सिंधु माझ्या गिरणीत पदर डोळ्याला लावून बसली.

मी म्हणाले, "आगं, येवढं काय रडून राहिलीस? गोळी मी आणून देते. वरणात घाल नि गप बस. नवऱ्याला काय समदंच सांगायचं असतं का?"

पोळ्याच्या दिवशी गावातले बैल घरी आले आणि शेषेराव प्यायला बसला. पावएक तासात तो माझ्या दारात आला. सदऱ्याची बटणं उघडी, कान, गळा, छाती लालबुंद.

"मावशी, हे बघ," तो म्हणाला. "वैजूचा हात हाय."

चट्टे होते ते, दुसरं काय! पण त्यानं बोट ठेवून दाखवलं, हा अंगठा, ही करंगळी, आणि देवाशपथ सांगते, मग मलाही पाच बोटं दिसली. गोळी माझ्याच हातची, तरी दिसली.

तो इतका भ्याला की पंधरा दिवस दारूला शिवला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून मी आणि सिंधु तोंडाला पदर लावून हसलो. म्हैस व्यायली तेव्हा पहिला चीक सिंधुनं मला आणून दिला. मी शेफारले.

मग एका शनिवारी, दिवस मावळायच्या आत, शेषेरावनं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि अंगणात घोटभर दारू घेऊन बसला. प्याला आणि बटणं काढून वाट बघत राहिला. अंग लाल झालं, घाम फुटला, उलटी झाली. पण तोंडावर हसू.

"आला," तो म्हणाला. "घट्ट धर रे वैजू. आता गाडी हळू चालवतो."

भिंतीपलीकडून मी ते ऐकलं. ज्या गोळीनं दारूची दहशत बसायची, तिनंच त्याला दारूची ओढ लावली होती. पुढं दर शनिवारी तो भावाला बोलवायचा. सिंधु मला म्हणायची, "मावशी, हे मरतील." मी म्हणायचे, "थांब, सुटंल." काय म्हणून म्हणायचे कोण जाणे.

दसऱ्याला तो अंगणातच कोसळला. नांदेडला नेला तेव्हा नाडी लागत नव्हती. जगला. सिंधुनं डॉक्टरांना खरं सांगितलं. ते तिच्यावर चिडले, चिडायलाच पाहिजे होतं. म्हणाले, "गोळी बंद करा, आणि आजच्या आज त्यांना सांगा."

गोळी तिनं बंद केली. सांगितलं मात्र नाही. "घर मोडंल," म्हणाली. "मग नको सांगू," मी म्हणाले. मला तरी कुठं ऐकून घ्यायचं होतं त्याचं!

दोन आठवड्यांनी शेषेराव पुन्हा प्याला. छाती कोरी. आणखी प्याला, तरी कोरी. मग रोज बसू लागला. क्वार्टर संपायची, दुसरी फुटायची, आणि हा छाती चोळत विनवायचा, "रुसला का रे? एकदा तर ये." चोळून चोळून नखांचे ओरखडे उठायचे, पण त्याला हवा तो लाल रंग काही यायचा नाही. जेवण सुटलं. माणूस डोळ्यादेखत झिजत चालला.

एका दुपारी सिंधु आली आणि म्हणाली, "मावशी, गिरणी बंद करा. सांगायला चालले. तुमीबी चला."

तिनं गोळ्यांची उरलेली पट्टी त्याच्यापुढं ठेवली. "हिच्यानं अंग लाल व्हायचं. मी वरणात घालत होते. आता बंद केली, म्हणून होत न्हाई."

त्यानं पट्टी उलटीपालटी केली. "पोळ्याला?"

"मीच."

"दसऱ्याला?"

"हाव. मीच."

"आन् वैजू?"

"न्हाई आले भावजी. एकदाबी न्हाई आले."

"अक्कल माझी होती, शेषेराव," मी म्हणाले. "तिला काई बोलू नको." त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"मी त्याला समदं सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "मी पिलेलो होतो, माझंच चुकलं म्हणून. तो छातीवर हात ठेवायचा. मला वाटलं, त्यानं माफ केलं." मग सिंधुकडं बघून म्हणाला, "मंग मला माफ कुनी केलं?"

 

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाव्याकडून डोकं भादरून आला, मिशीही काढलेली. वैजू गेला तेव्हा भावकीनं दहाव्याला केस काढले, हा पाय बांधून दवाखान्यात होता. त्याच्यापुरता भाऊ आज, सहा महिन्यांनी, मेला होता. उंबऱ्यात बसला. सिंधुनं चूल पेटवली नाही.

दुःखाच्या घरी शेजाऱ्यानं कडू भाकरी न्यायची असते. मी ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि झाकून घेऊन गेले. त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं भाकरी मोडली, घास हातात धरला, आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "ह्यात काई घातलं न्हाई न्हवं?"

"न्हाई रे बाबा," मी म्हणाले.

घास तसाच हातात राहिला. शेवटी सिंधु पुढं सरकली, त्याच्या ताटातला एक घास मोडून तिनं खाल्ला. तिचा घास गिळून होईपर्यंत तो बघत राहिला. मग जेवला.