पाणीपाळीच्या पत्रकातली घंटा

आमच्या उपसा संस्थेचा चेअरमन इतका मोठा माणूस, की त्याने जांभई दिली तरी इतिवृत्तात नोंद व्हायची. संस्थेचं काम काय, तर नदीतलं पाणी मोटारीने वर ओढायचं आणि गावाच्या शिवाराला पाळीपाळीने द्यायचं. कुणाची पाळी दिवसा, कुणाची रात्री. दुसऱ्या मुलखात हा फरक झोपेचा असेल. आमच्या जुन्नरात तो बिबट्याचा आहे. आमच्या उसात बिबटे इतके, की तोड सुरू झाली की त्यांना राहायला जागा पुरत नाही. एक तर सकाळी फाट्यावर शाळेच्या गाडीची वाट बघत बसतो म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण बसतो.

माझ्या चुलतीचा कांदा तीन बाजूंनी उसात. चुलत्याची कंबर गेलेली, त्यामुळे दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, ती एकटीच. आणि तिची पाळी कायम रात्रीची. गेल्या हंगामात तिच्या पायाशी बसलेलं कुत्रं बिबट्याने असं उचललं, की तिला फक्त वारा लागला. तेव्हापासून ती खोरं घेऊन जायची आणि मोबाईलवर मोठ्याने भजन लावायची. चेअरमनची द्राक्षबाग मात्र गावाला लागून, भोवती तारेचं कुंपण, आणि पाळी कायम दिवसाची.

पूर्वी पाळ्या मारुतीच्या देवळात चिठ्ठ्या टाकून निघायच्या. मग चेअरमनचा भाचा मंचरला कम्प्युटरचा कोर्स करून आला आणि गावाच्या डोक्यावर विज्ञान कोसळलं. त्याने पाळीपत्रकाच्या एक्सेल फायलीत म्याक्रो घातला. म्याक्रो म्हणजे फाईलच्या पोटात लपवलेलं फर्मान. फाईल उघडली की ते आपोआप सुरू होतं. आमच्या फायलीत आधी लेण्याद्रीच्या पायऱ्यांचं चित्र यायचं, मग घंटा वाजायची, वरून झेंडूची फुलं पडायची, आणि खाली हिरवं बटण यायचं, त्यावर लिहिलेलं 'कौल'. भाचा ते दाबायचा. पडदा लुकलुक करायचा आणि पाळ्या उमटायच्या. माणसं चपला बाहेर काढून आत यायची. कुणीतरी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, ते डाव्या कोपऱ्यात अजून आहे. देवळातल्या चिठ्ठीवर भांडणारं गाव मशीनसमोर हात जोडून उभं राहिलं, कारण देवाला जाब विचारता येतो, इंग्रजीला कसा विचारणार.

चुलतीने एकदा तक्रार केली, तर चेअरमन म्हणाला, "वहिनी, माझ्या हातात काय हाय? म्याक्रो काढतोय. आन बिबट्याचं एवढं काय, तो काय मानूस खातोय व्हय?"

असं सगळं सुखाने चाललं होतं, तेवढ्यात वरच्या कचेरीतून निरोप आला. संस्थेच्या सगळ्या फायली ईमेलने पाठवा, पण म्याक्रो असलेली एकही फाईल घेतली जाणार नाही. फायली मंजूर झाल्याशिवाय मोटार चालू करायची नाही. कांदा मान टाकायला लागलेला, आणि फायली तर गटागटाच्या, वर्षावर्षाच्या.

भाच्याने छाती पुढे काढली. "ह्यात काय अवघड? नाव बदलतो." फाईलच्या नावाच्या शेपटात म्याक्रोची खूण म्हणून एक 'एम' असतो. याने बसून प्रत्येक फाईलचा 'एम' खोडला आणि 'एक्स' लिहिला. देशी दारूच्या दुकानावर दूध डेअरीची पाटी लावली की म्हैस येऊन उभी राहत नाही, हे त्याला मंचरात कुणी शिकवलं नव्हतं. नाव बदललेली एकही फाईल उघडेना. कचेरीने सगळ्या परत पाठवल्या. भाचा म्हणाला, इंटरनेटला रेंज नाय.

मी तेव्हा पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करत होतो. कॉल असला की रेंजसाठी टाकीवर चढायचो, म्हणून गावाच्या मते मी पाणीपुरवठ्यात होतो. चेअरमनने बोलावलं. "म्याक्रो काढता येतोय का?"

"येतो की."

"मग पाळ्या कोन काढनार?"

हा प्रश्न त्याने इतक्या काळजीने विचारला, की मी घरी येऊन आधी म्याक्रो वाचूनच काढला. चित्र होतं, घंटा होती, फुलं होती, लुकलुक होती. बाकी काही नाही. कौलाच्या बटणाला एकच काम होतं: भाच्याने आधीच हाताने भरून लपवून ठेवलेलं पान उघडं करायचं. बिचाऱ्या म्याक्रोला दिवस कुठला आणि रात्र कुठली हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मी हे फक्त चुलतीला सांगितलं आणि बजावलं, गावात बोलू नको. म्हणजे ती सभेत बोलणार, ही खात्री झाली.

मग प्रोग्राम लिहिला. एक्सेलची फाईल म्हणजे आतून एक पेटी असते. त्यात पानं वेगळी, रंगरंगोटी वेगळी, आणि म्याक्रोचं गाठोडं वेगळं. प्रोग्राम एकेक पेटी उघडायचा, गाठोडं बाहेर टाकायचा, आणि आतल्या याद्यांतूनही त्याचं नाव पुसायचा. नुसतं गाठोडं फेकून भागत नाही. मेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर राहिलं की पुढे घोळ होतो, तसंच हे. मग लपवलेलं पान उघडं करून नव्या नावाने पेटी बंद. सगळा ढीग साफ व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. भाचा शेजारी बसून प्रत्येक फायलीमागे उसासा टाकत होता.

फायली मंजूर झाल्या. नव्या पाळ्यांसाठी सभा भरली. भाच्याने फाईल उघडली. घंटा नाही, फुलं नाहीत, सरळ पत्रक. चेअरमन दिवसा, चुलती रात्री. जसंच्या तसं.

चेअरमन सवयीने म्हणाला, "आता कम्प्युटरनं काढलंय, आपल्या हातात काय—"

"भाऊजी," चुलती मागून म्हणाली, "म्याक्रो तर माज्या पुतन्यानं काढून टाकला. मग ह्ये कोन काढतंय?"

सगळ्यांनी भाच्याकडे बघितलं. कोर्समध्ये खोटं बोलणं नसावं. "मी नाय बा," तो म्हणाला, "मामा सांगत्यात तसं भरतो."

मग जे ठरलं ते चिठ्ठीशिवाय आणि म्याक्रोशिवाय ठरलं. आजवर ज्यांनी दिवसा पाणी घेतलं त्यांनी हा हंगाम रात्री घ्यायचं. चेअरमन म्हणाला, पण बिबट्या. चुलती म्हणाली, "तो काय मानूस खातोय व्हय?"

पहिल्या पाळीला चेअरमन बागेत गेला तेव्हा बरोबर दोन ट्रॅक्टर, लग्नातला डीजे आणि अर्धं गाव बॅटऱ्या घेऊन. त्या आवाजाने आमचे बिबटे जे उठले ते आंबेगावात जाऊन टेकले, आणि तिकडचे लोक अजून आम्हाला शिव्या घालतात. सकाळी डोळे सुजलेला चेअरमन वीज कचेरीच्या दारात. शेतीला फक्त दिवसाच वीज मिळाली पाहिजे, रात्रीचं पाणी म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे, असं तो बोलला म्हणे. इतकं कळवळून, की साहेबाचेही डोळे भरले.

चुलती उन्हात दारं धरायला लागली. मोबाईल घरीच ठेवते. म्हणते, कांद्याला पाणी जाताना आवाज येतो, हेच विसरले होते.

परवा भाचा आला. "दादा, ती घंटा तेवढी परत बसवता येईल का? मामा म्हणत्यात, पत्रकात राम राहिला नाय."

"आहे की जपून ठेवलेली," मी म्हणालो. "रात्री मामांच्या गळ्यात बांध. बिबट्याला लांबून कळेल, चेअरमन आलेत."