घोडीची घंटा सोडली तो दिवस

तिमोतेआमावशी बोलण्याआधी नाक ओढते, मग खेचराला एक शिवी घालते, मग माणसाला. खेचराची शिवी जास्त प्रेमाची असते. बावीस वर्षं ती परक्यांचं सामान लादून आमच्या गावावरून युराकासाची खिंड ओलांडतेय. पाच दिवसांची वाट. चार खेचरं, आणि पुढे गळ्यात घंटा बांधलेली म्हातारी घोडी. घंटा वाजेल तिकडे खेचरं चालतात.

या खेपेला समुद्रकाठच्या लिमा शहरातले रेनान साहेब होते. दुसऱ्या मुक्कामालाच त्यांना उंचावरची विरळ हवा बाधली. तंबूतून नुसतं डोकं बाहेर आलं. "बा...ई, ती घं...टा... काढा हो! कवटीत वाजतेय!"

"साहेब, ती घंटा नाही, माझा मुकादम आहे."

"पाया पडतो, बाई!"

साहेबांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झालेला. मावशीने घंटा सोडून पडशीत टाकली. सकाळी बांधायची राहिली.

खिंडीच्या तोंडाशी धुकं उतरलं, बर्फ भुरभुरू लागला. मावशीने मागे वळून मोजलं. तीनच खेचरं. चौथी, पालोमा, नव्हती. तंबू आणि शिधा, सगळं तिच्याच पाठीवर.

"मावशी, शीळ घाल की," स्वयंपाकी एलोय म्हणाला.

"गप रे, पळीबहाद्दर! दचकून पाय टाकेल ती."

डावीकडे खडा घरंगळला. बराच वेळ घरंगळत राहिला. मावशी आवाजाच्या दिशेने रांगतच गेली. हातभर रुंदीच्या कपारीवर पालोमा उभी. पुढे वाट संपलेली, खाली दरी, वळायला जागा नाही. पाय लटलट कापत होते.

"ओझं उतरवू?" मागून एलोय.

"हात लावशील तर याद राख. तोल जाईल तिचा."

मावशी तिच्या पोटाखालून सरपटत पुढे गेली. अंगावरची शाल काढली आणि पालोमाच्या डोळ्यांवर घट्ट बांधली. ओझं लादताना रोज असेच डोळे बांधतात. बांधले की खेचर गपगार उभं राहतं. पालोमाही राहिली. मग मावशीने तिच्या छातीला खांदा लावला.

"मागे हो, भवाने. मागे. तुझ्या आईने कधी दरी बघितली नव्हती का? हां. अजून एक."

एकदा मागचा खूर घसरला. मावशीची शिवी अर्ध्यावर तुटली. मग खूर टेकला, आणि शिवी पूर्ण झाली.

दोघी वाटेवर आल्यावर साहेब पुटपुटले, "माझ्यामुळे..."

"तुम्ही सांगितलंत, साहेब. सोडली मी."

शाल काढायला तिने हात वर केला. बोटांना गाठ सुटेना. शेवटी ती एलोयने सोडली.