विजयसिंहांचं डायनॅमिक

लासुर्ण्याचे विजयसिंह जातपात मानत नाहीत. दर चौदा एप्रिलला ते माईकवर तसं सांगतात. बावीस वर्षं ते गावच्या पाणी सोसायटीचे सचिव होते. कुणाच्या उसाला आज पाणी सुटणार आणि कुणाचा ऊस सुकणार, हे ते ठरवायचे. त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज झाला होता. पाण्याची गरज सगळ्यांनाच, म्हणून तो समज कुणी खोडला नाही.

गेल्या वर्षी त्यांनी बिनतारी इंटरनेट घेतलं. इंदापूरच्या एका लहानशा कंपनीनं करुणाला पाठवलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, सहा वर्षं लोकांच्या गच्च्या आणि टॉवर चढलेली बाई. ती स्कूटीवरून उतरली तरी विजयसिंह तिच्या मागंच बघत राहिले.

"कारागीर मागनं येतोय व्हय?"

"मीच हाय, तात्या."

"आडनाव काय म्हणालात?"

ती काहीच म्हणाली नव्हती. आता तिनं सांगितलं. जात न मानणारा माणूस जात विचारत नाही, आडनाव विचारतो. ते ऐकून विजयसिंहांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुमी गच्चीवरचं बघा. आतलं मी करतो. आत जरा देवाचं हाय."

करुणा असली वाक्यं ओळखून होती. बाहेरच्या जिन्यानं ती वर गेली, डिश बसवली, वालचंदनगरच्या बाजूच्या टॉवरकडं नेमकी वळवली आणि वायर खिडकीतून आत सोडली. आता राउटरमध्ये पीपीपीओईची सेटिंग तेवढी राहिली होती. म्हणजे कंपनीनं दिलेलं नाव आणि पासवर्ड भरायचा. तो कंपनीच्या यंत्राला पटला की नेट सुरू. पाच मिनिटांचं काम. ते तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहून समजावलं आणि कागदावर लिहूनही दिलं.

"लिवलंय तसंच भरा, तात्या. एक अक्षर इकडचं तिकडं नको."

"मला नका शिकवू."

कागदावर नाव होतं 'विजय२७'. विजयसिंहांना हे काही बरं वाटलं नाही. कंपनी झाली म्हणून काय झालं, माणसाचं नाव असं अर्धं तोडायचं? त्यांनी पुढं 'सिंह' जोडलं आणि मग भरलं. नेट काही आलं नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. "बाईनं डिश वाकडी बसवली."

करुणानं ऑफिसातून पाहिलं. सिग्नल खणखणीत होता, आणि 'विजयसिंह२७' नावाचं कुणीतरी दर मिनिटाला आत यायला बघत होतं आणि परत फिरत होतं. तिनं फोन करून चूक सांगितली.

"म्हंजे माझंच नाव चुकीचं?" असं म्हणून विजयसिंहांनी फोन ठेवला.

मग त्यांनी पुण्यातल्या इंजिनीअर पुतण्याला, ऋषिराजला विचारलं. तो मीटिंगमध्ये होता. "काका, पीपीपीओई जुनं झालं. डायनॅमिक करा," एवढं सांगून तो मोकळा झाला. काकांनी राउटर डायनॅमिक केला, म्हणजे नाव-पासवर्ड न भरता जोडणारा. तरीही काही नाही. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी त्यांच्या बायकोनं, कौसल्याकाकूंनी, स्वतःच्या मोबाईलवरून करुणाला बोलावलं. ती आली तेव्हा विजयसिंह फाटकातच उभे होते.

"या, आत या. आमी तसलं काय मानत न्हाय."

"आत कशाला, तात्या? माझं वरनं भागंल."

तिला त्या दिवशी वरच राहायचं होतं. नाव आणि पासवर्ड राउटरऐवजी डिशमध्येही भरता येतो. गच्चीत मांडी घालून तिनं लॅपटॉप उघडला आणि तेच केलं. पासवर्ड एकदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर पडला आणि नेट सुरू झालं. आतल्या राउटरला आता काही विचारायचंच नव्हतं, आणि डायनॅमिक तर तो आधीपासून होता.

काकू दोन कप चहा घेऊन वर आल्या. एक तिला दिला, दुसरा घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"न्हाय आलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं मी त्या आतमधी हाय. बघण्यासारखं काय न्हाय तितं."

करुणाला हसू आलं. मग दोघींनी निवांत चहा घेतला.

संध्याकाळी पारावर विजयसिंह सांगत होते, "ती बाई नुसती गच्चीवर बसून चहा पेली. डायनॅमिक मी केलं म्हणून चाललं."

ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघांनी पुढच्याच आठवड्यात त्याच कंपनीचं नेट घेतलं. फोनवर दोघंही एकच बोलले, "त्या करुणाताईंनाच पाठवा. आतलंबी त्यांनाच करू द्या."