बारा पडद्यांची शिलाई

शिंपीणबाईंनी एका अनोळखी गिऱ्हाइकाला बारा पडदे शिवून दिले. त्याने खात्यात भरलेले पैसे फसवणुकीचे निघाले आणि बँकेने बाईंचंच खातं गोठवलं.

"राबले मी, आणि चोरही मीच?" त्या जावेला म्हणाल्या. जावेने किराणा भरला, पण लोक काय म्हणतील या धास्तीने बाईंना घास उतरेना. शेवटी त्यांनी स्वतःच दुकानावर पाटी लावली: 'खात्याची चौकशी चालू आहे, पैसे रोख द्यावेत.' कुणी हसलं नाही. उलट दोन गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे दिले.

मापांची वही आणि कापडाची पावती घेऊन बाई रोज बँकेत जाऊन बसू लागल्या. सतराव्या दिवशी साहेब म्हणाले, "खातं सुरू झालं, बाई. आता घरी जा."

"जाते की. पण आधी लेखी द्या," बाई म्हणाल्या, आणि कागद हातात पडल्यावरच उठल्या.