टाका सुटलेल्या उशा

आमच्या उशांच्या कारखान्यात दुपारी जागं राहणं हीच मोठी कामगिरी. खालून कापूस पिंजण्याच्या यंत्राची गुरगुर यायची. कापसाचे कण जिन्यावरून तरंगत वर हिशेबखात्यात शिरायचे, उन्हात जरा रेंगाळायचे आणि कुणाच्या तरी चहात उतरायचे. सगळे पेंगायचे, माझी मावशी सोडून. ती मुख्य हिशेबनीस, मी तिच्या शेजारच्या टेबलावरची कारकून. नोकरी तिच्याच वशिल्याने लागलेली, त्यामुळे डुलकीबद्दल पहिला ओरडा मलाच.

मावशीने लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "वेळ कुठे होता?" जणू काही बस चुकली होती. या महिनाअखेरीस ती निवृत्त होऊन दूर माझ्या मामाकडे कायमची राहायला जाणार होती. ट्रंका भरून झाल्या होत्या. जायचं तिच्या जिवावर आलंय हे मला दिसत होतं, पण ताकास तूर लागू देईल तर ती मावशी कसली! शिलाईखात्याचे मुकादम गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. हेही मला दिसत होतं, आणि मी तोंड मिटून होते.

मुकादम विधुर. ठेंगणे, मितभाषी, सदऱ्याच्या कॉलरला कायम दोन-तीन सुया टोचलेल्या. गुरुवारी मोठे मालक बाजारात गेले, की हे उशी काखोटीला मारून जिना चढायचे.

"बाई, टाका सुटलाय. खराब मालात लिहा."

"तुमच्या खात्यात दोरा वापरता की शेवया?" मावशी कपाळाला आठ्या घालायची आणि नोंद करायची. नुकसान खातं नावे, साठा खातं जमा, खाली कारण: टाका सुटला. ते होईपर्यंत मुकादम स्टुलावर बसून चहा घ्यायचे, खिडकीबाहेर बघायचे. बोलणं फारसं नसायचंच. उशी मधे टेबलावर असायची, दोघांनी मिळून पाळलेल्या मांजरासारखी.

आता मोठ्या मालकांच्या जागी त्यांची मुलगी बसते. या मालकीणबाईंनी संगणकावर एक नवा मदतनीस आणला. आम्ही त्याला शोध्या म्हणतो. त्याला आपल्या साध्या भाषेत विचारायचं. तो वर्षानुवर्षांच्या जर्नल नोंदी धुंडाळून हव्या त्या समोर मांडतो. काम फक्त शोधायचं, नोंदीला हात लावायची त्याला मुभा नाही.

"जाण्याआधी तुम्हीच त्याची परीक्षा घ्या," मालकीणबाई मावशीला म्हणाल्या. "उत्तर तुम्हाला माहीत आहे असंच काहीतरी विचारा."

मावशीने चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप केलं: टाका सुटून खराब झालेल्या उशांच्या नोंदी दाखव.

शोध्याने पडदाभर नोंदी ओतल्या. खाली लिहिलं, "जवळजवळ सगळ्या नोंदी गुरुवारच्या आहेत. मधे सलग दोन महिने एकही उशी खराब झालेली नाही. त्याचं कारण नोंदींत सापडत नाही."

मावशीने त्या दोन महिन्यांच्या तारखा पुन्हा पाहिल्या.

"तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता गं," ती हळूच म्हणाली. "माझ्या जागी तो खोकणारा बदली कारकून बसायचा."

मग तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खोटं नुकसान! माझ्या जर्नलमध्ये! माझ्या नाकावर टिच्चून!" तरातरा जाऊन तिने मालकीणबाईंना सगळं सांगितलं, भरपाईही देऊ केली. त्या हसतच सुटल्या. "अहो, त्या उशा टाके घालून आपण विकतच होतो की!"

मावशी परत येऊन बसली. कापसाचा एक कण तिच्या केसांवर उतरला, तिने झटकला नाही. खालचं यंत्र थांबलं होतं, खोली कशी पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

"मला कळलं कसं नाही?" ती म्हणाली.

मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही. एवढी शहाणी माणसं, पण सगळा जन्म उशीआड बसून काढला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो आणि बांधलेली वळकटी सोडून तिने स्वतःची उशी काढली. "कात्री दे," म्हणाली. मग उशी काखोटीला मारून निघाली. मी मागोमाग. पोस्टामागच्या गल्लीत दिवे नुकते लागत होते. शेवटच्या दाराशी पोचल्यावर तिचा हात कडीपर्यंत गेला, मागे आला, पुन्हा गेला. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

दार उघडलं. मुकादम वाळले होते, पण कॉलरला सुया तशाच.

"टाका सुटलाय," मावशी म्हणाली.

त्यांनी उशी घेतली, उजेडात धरली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"बाई, हा सुटलेला नाही. कापलाय."

"हो. पण आपल्याकडे नोंद ‘सुटला’ अशीच होते ना?"

मुकादमांनी कॉलरची एक सुई काढली. मग दारातून बाजूला झाले आणि म्हणाले, "वेळ लागेल. आत बसा."

मावशी आत गेली. मी मामाला फोन करायला बाहेर थांबले.